कव्हरेजने कोणत्या फाइली मोजायच्या, हे आधी ठरवा

चिक्कोडी-निपाणी पट्ट्यातल्या ऊस उत्पादकांची बिलं काढणारा पायथॉन प्रोग्रॅम घ्या. ‘ऊसबिल’ फोल्डरात वजन, दर आणि कपातीच्या तीन फाइली आहेत, आणि मराठी-कन्नड पावती छापणारी चौथी. पहिल्या तिघींत मिळून 400 ओळी, चाचण्यांत त्यातल्या 360 चालल्या: कव्हरेज, म्हणजे चाचण्यांत चाललेल्या ओळींचं प्रमाण, 90 टक्के. पावतीच्या 200 ओळींना मात्र एकही चाचणी शिवत नाही. त्या धरल्या तर 600 पैकी 360, म्हणजे 60 टक्के.

हे प्रमाण मोजणाऱ्या ‘कव्हरेज डॉट पाय’ या साधनाला काहीच सांगितलं नाही, तर ते चालताना लोड झालेल्या फाइलीच पाहतं. कुणी इम्पोर्टच न केलेली पावतीची फाइल अहवालात दिसत नाही. शेतकऱ्याच्या हातात पडणारा कागदच हिशेबातून सुटतो.

1. प्रकल्पाच्या मुख्य फोल्डरात ‘डॉट कव्हरेजआरसी’ फाइल करा (इथली सगळी नावं उच्चाराप्रमाणे दिली आहेत, टाइप करताना रोमन अक्षरं वापरा). चौकटी कंसात ‘रन’, त्याखाली ‘सोर्स’, बरोबरचं चिन्ह, ‘ऊसबिल’. आता न चाललेली फाइलही 0 टक्क्यांनी समोर येईल. पोटफोल्डरात ‘इनिट’ फाइल (फोल्डर पायथॉनचं पॅकेज आहे हे सांगणारी, नावात ‘इनिट’च्या दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोर) नसेल, तर तिथल्या न चाललेल्या फाइली सापडत नाहीत. इथे फसगत होऊ शकते.

2. सोर्स दिल्यावर ‘रन’खाली ‘इन्क्लूड’ लिहू नका. ते दुर्लक्षित होतं, फक्त एक इशारा छापला जातो.

3. वगळायचं ते ‘ओमिट’मध्ये, एका ओळीवर एक पॅटर्न (फाइलींच्या नावांचा साचा, त्यातला तारा म्हणजे कोणतीही अक्षरं). आपोआप तयार झालेल्या मायग्रेशन फाइली (डेटाबेसच्या रचनेतले बदल नोंदवणाऱ्या) वगळणं रास्त. चाचणी लिहायला अवघड म्हणून कपातीची फाइल वगळणं चूक, कारण पैसे तिथेच चुकतात. कव्हरेज डॉट पायच्या आवृत्ती 7 पासून पॅटर्नच्या मधला एक तारा पोटफोल्डर ओलांडत नाही, त्यासाठी दोन तारे लागतात. जुने पॅटर्न एकदा तपासून घ्या.

‘रन’खालच्या ओमिटने त्या फाइलीची नोंदच होत नाही, मत बदललं तर चाचण्या पुन्हा चालवाव्या लागतात. ‘रिपोर्ट’खालच्या ओमिटने ती फक्त अहवालात दिसत नाही, नोंद शिल्लक राहते. खात्री नसेल तर दुसरा मार्ग धरा.

4. मुख्य फोल्डरातूनच क्रमाने चालवा: ‘कव्हरेज इरेज’, ‘कव्हरेज रन डॅश एम पायटेस्ट’ (पायटेस्ट म्हणजे चाचण्या चालवणारं साधन), ‘कव्हरेज रिपोर्ट डॅश एम’. दुसऱ्या फोल्डरातून चालवलं तर सेटिंगची फाइल सापडत नाही. पायटेस्ट-कव्ह (पायटेस्टमधूनच कव्हरेज मोजणारं जोडसाधन) वापरत असाल, तर त्याच्या स्विचला दिलेलं फोल्डर फाइलीतल्या सोर्सवर वरचढ ठरतं.

5. अहवालातली नावं फोल्डरातल्या नावांशी ताडून पाहा. ‘डेटा गोळा झाला नाही’ अशा अर्थाचा इशारा आला, तर बहुधा पिपने (पायथॉनची पॅकेजं बसवणाऱ्या साधनाने) बसवलेली प्रत चालते आहे आणि मोजणी तुमच्या फोल्डरावर लागलेली आहे. अशा वेळी सोर्सऐवजी ‘सोर्स अंडरस्कोर पीकेजीएस’मध्ये पॅकेजचं नाव द्या. सेटिंग वाचलं गेलं का, हे ‘कव्हरेज डिबग कॉन्फिग’ दाखवतं.

चाचण्यांचं फोल्डरही सोर्समध्ये असावं, असं आमचं ठाम मत आहे. एकाच फाइलीत दोन चाचण्यांना तेच नाव पडलं, तर पहिली गुपचूप बाद होते आणि तिच्या न चाललेल्या ओळी इथेच उघड्या पडतात. मात्र चाचण्यांच्या ओळींनी एकूण आकडा फुगतो, म्हणून टक्केवारी वाचताना रिपोर्ट आज्ञेला ‘डॅश डॅश इन्क्लूड’ देऊन फक्त ऊसबिल मागा.