स्वरयंत्र काढल्यावर बोलायचं कसं: आमच्या घरची रीत

आमच्या ह्यांचं स्वरयंत्र काढून सहा वर्षं झाली. लालबागच्या चाळीत आजही ते गॅलरीतून भाजीवाल्याला हाक मारतात. आवाज घोगरा झालाय, पण बोलण्याची ढब त्यांचीच. ज्यांच्या घरी हे ऑपरेशन ठरलंय, त्यांच्यासाठी लिहितेय.

आधी सर्जनना विचारा, बोलण्यासाठीचा व्हॉल्व्ह ऑपरेशनच्या वेळीच बसवणार की नंतर? स्वरयंत्र गेलं की श्वासनलिकेचं तोंड गळ्यावर कायमचं उघडतात, श्वास तिथूनच चालतो. मग तोंडात हवा येणार कुठून? म्हणून श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामधल्या भिंतीला बारीक भोक पाडून त्यात सिलिकॉनचा एकेरी व्हॉल्व्ह बसवतात. हवा अन्ननलिकेत जाते, अन्न मागे येत नाही, आणि घशाची भिंत थरथरून आवाज निघतो. सिंगर आणि ब्लॉम या अमेरिकन जोडीने १९८० साली ही पद्धत मांडली.

दुसरं विचारा, अन्ननलिकेच्या तोंडाशी असलेला स्नायू सैल करणार का? तो आवळला की हवा अडते. ह्यांचा आवाज महिनाभर अडकला होता, बोटॉक्सच्या इंजेक्शनने सुटला.

बोलायला शिकताना श्वास घ्यायचा, हवा व्हॉल्व्हकडे वळावी म्हणून अंगठा गळ्यावरच्या भोकावर अलगद ठेवायचा आणि "आ" म्हणायचं. हे सुरुवातीला इतकं जोरात दाबायचे की नुसती फुसफुस व्हायची. थेरपिस्ट म्हणाल्या, "काका, दाराची बेल दाबता ना, तेवढंच." पहिला शब्द निघाला "चहा". मी ओट्याशीच रडले.

रोज सकाळी हात धुऊन, खिडकीच्या गजाला आरसा टांगून, टॉर्चच्या उजेडात व्हॉल्व्हमध्ये छोटा ब्रश हळूच फिरवायचा. जेवणानंतरही बघायचं. व्हॉल्व्ह कायमचा नसतो. त्यावर बुरशी धरते, काही महिन्यांनी तो गळायला लागतो. चहा पिताना खोकला आला की समजा. मग दुधाचा एक घोट देऊन टॉर्चने बघा. थेंब मधून येत असेल तर ब्रश फिरवा, तरी थांबला नाही तर व्हॉल्व्ह बदलायचा. थेंब कडेने येत असेल तर व्हॉल्व्हचं भोक सैल झालंय, ब्रशचा उपयोग नाही, डॉक्टरांकडेच जा. चालढकल करू नका, ते दूध फुप्फुसात उतरतं.

व्हॉल्व्ह निसटला तर? विसर्जनाच्या दिवशी खोकताना ह्यांचा बाहेर पडला. खाली रस्ता माणसांनी भरलेला, टॅक्सी कुठली मिळणार! ड्रॉवरमधली रबरी नळी ह्यांनीच आरशात बघून व्हॉल्व्हच्या भोकात सरकवली, मी चिकटपट्टीने गळ्याला लावली आणि ढोलताशांच्या गर्दीतून परळच्या हॉस्पिटलपर्यंत चालत गेलो. नळी नसती तर ते भोक काही तासांत आवळायला लागलं असतं. ती घालायची कशी, हे डिस्चार्जआधी शिकून घ्या. आणि पडलेला व्हॉल्व्ह सापडला नाही तर तो श्वासनलिकेत गेला असू शकतो, तडक कॅज्युअल्टी गाठा.

आंघोळीला पाणी गळ्याखालूनच घ्यायचं. बाहेर पडताना गळ्यावरच्या भोकावर सुती रुमाल हवाच, लोकलमध्ये तर नक्कीच.

ह्यांच्या शर्टाच्या खिशात पासाच्या मागे एक चिठ्ठी कायम असते: "मी गळ्यातून श्वास घेतो. ऑक्सिजन गळ्याला लावा, तोंडाला नको." तेवढी आजच लिहून ठेवा.