गुन्ह्यात बळी पडलेल्यांच्या भरपाईचा अर्ज: या चुका टाळा

सगळ्यात महागात पडते ती निकालाची वाट पाहणं. 'केस संपली की पैसे मिळतील,' असं कुणीतरी सांगतं आणि घरचे वर्षानुवर्षं थांबून राहतात. बलात्कार, पोक्सो (मुलांवरचे लैंगिक अत्याचार) किंवा ॲसिड हल्ल्यातल्या पीडितांसाठी राज्य सरकारची मनोधैर्य योजना आहे; तिचा अर्ज एफआयआर नोंदला गेला की लगेच करावा. इतर गुन्ह्यांत आरोपी सापडलाच नाही, खटला उभा राहिला नाही, तरी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 396 खाली पीडित किंवा त्याच्यावर अवलंबून असलेले अर्ज करू शकतात. या अर्जावरच्या चौकशीची मुदत दोन महिने. आरोपी निर्दोष सुटला तरी न्यायालय पुनर्वसनासाठी शिफारस करू शकतं. ती मागायला हवी, आणि हेच कुणी सांगत नाही. उपचाराचा खर्च आत्ताच भागवायचा असेल तर ठाणे अंमलदाराचा नव्हे, ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याचा किंवा दंडाधिकाऱ्याचा दाखला घ्या. त्यावर अंतरिम मदत मिळू शकते.

दुसरी चूक: अर्ज पोलीस ठाण्यात देणं. भरपाईचं काम जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं. नाशिकमध्ये ते सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक) जवळच्या जिल्हा न्यायालयात बसतं. महिला, मुलं आणि अनुसूचित जाती-जमातींना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जाता येत नसेल तर विधी सेवेच्या 15100 या हेल्पलाइनवर फोन करा.

हद्दीच्या वादात दिवस घालवू नका. शहर आयुक्तालय आणि नाशिक ग्रामीण यांच्या सीमेवर 'आमची हद्द नाही' हे उत्तर हमखास मिळतं. हद्द नसली तरी कुठल्याही ठाण्याला शून्य क्रमांकाने (झिरो एफआयआर) गुन्हा नोंदवून घ्यावाच लागतो. नकार दिला तर तक्रार लेखी लिहून शहरात पोलीस आयुक्तांना, ग्रामीणमध्ये पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. एफआयआरची प्रत फुकट मिळते, तिथेच मागा.

कागद मूळ देऊन मोकळं होऊ नका. दवाखान्याची बिलं, एमएलसी (दवाखान्यातली पोलीस केसची नोंद), पीएम (शवविच्छेदन) रिपोर्ट, रेशन कार्ड, पासबुक, सगळ्याचे दोन संच काढा आणि अर्जाच्या स्थळप्रतीवर (आपल्याकडे राहणाऱ्या प्रतीवर) तारखेची पोच घ्या. पोच नसली तर अर्ज दिल्याचं सिद्ध करणं अवघड.

ॲट्रॉसिटीचा (अनुसूचित जाती-जमातींवरच्या अत्याचाराचा) गुन्हा असेल तर मदतीसाठी समाजकल्याण कार्यालयातही वेगळा पाठपुरावा करावा लागतो.

धमक्या येत असतील तर तोंडी सांगून थांबू नका. साक्षीदार संरक्षणासाठी लेखी अर्ज द्या, त्यात तारीख, वेळ, नंबर लिहा.