केशरोपण पंधरा वर्षांनी कसे दिसेल, हे आधीच कसे ताडावे

केशरोपण यशस्वी झाले की नाही, हे बहुतेक जण वर्षभरानंतरच्या छायाचित्रावरून ठरवतात. मात्र लग्न ठरण्याआधी सांगलीहून पुण्याला जाऊन कपाळावर केस लावून घेणाऱ्या तरुणाला ते पुढची तीस-चाळीस वर्षे वागवायचे असतात, म्हणून हिशेब तेवढ्या मुदतीचाच करावा.

जावळी-पाटणकडची भातलावण पाहिलेल्याला यातले मर्म चटकन कळेल. तरवा उपटून दुसऱ्या वाफ्यात लावला, म्हणून रोपांची संख्या वाढत नाही. डोक्याच्या मागच्या पट्ट्यातले केस टक्कल पाडणाऱ्या डीएचटी या संप्रेरकाला सहसा दाद देत नाहीत आणि पुढे लावल्यावरही हा गुण टिकवून ठेवतात, न्यूयॉर्कचे डॉ. नॉर्मन ओरेंट्राइक यांनी १९५९ मध्ये मांडलेल्या याच तत्त्वावर ही शस्त्रक्रिया उभी आहे. परंतु काढलेले मूळ मागे पुन्हा उगवत नाही, आणि मागचे केसही वयानुसार काही प्रमाणात विरळ होतात. म्हणून पहिल्याच वेळी किती ग्राफ्ट, म्हणजे मुळासकट काढलेले केसांचे पुंजके, वापरणार आणि मागे किती शिल्लक राहणार, हे डॉक्टरांकडून लेखी घ्यावे.

खरा धोका लावलेल्या केसांचा नसून त्यांच्या मागे असलेल्या मूळच्या केसांचा असतो. ते गळतच राहिले, तर पुढे दाट पट्टा आणि त्यामागे ओसाड टाळू असे विचित्र चित्र काही वर्षांत उभे राहते. त्यामुळे वडिलांचे आणि मामांचे डोके नीट पाहावे, विशी-बाविशीत घाई करू नये, आणि गळती औषधाने आटोक्यात येते का हे आधी निदान वर्षभर पाहावे. मिनॉक्सिडिल किंवा फिनास्टेराइड ही औषधे बंद केल्यास त्यांचा लाभ काही महिन्यांत ओसरतो, म्हणजे शस्त्रक्रियेनंतरही ती चालू ठेवण्याची तयारी हवी. फिनास्टेराइडमुळे काहींना लैंगिक तक्रारी किंवा उदासीनता जाणवते. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावे.

केसांची रेषा ठरवताना दहावीच्या ओळखपत्रावरचा फोटो पुढे करू नये. सोळाव्या वर्षीची सपाट, खाली आलेली रेषा पन्नाशीत विसंगत दिसते आणि मागच्या केसांचा साठाही संपवते. कोपरे किंचित मागे ठेवलेली, पहिल्या ओळीत एकेका केसाचे ग्राफ्ट असलेली रेषा वयाबरोबर शोभते. जो डॉक्टर तुमचा हट्ट मोडून काढतो, तो माझ्या मते अधिक भरवशाचा.

लावलेले केस पहिल्या महिन्याभरात बहुतांशी गळतात, तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून उगवू लागतात आणि पुढचा भाग वर्षभरात भरतो. टाळूला त्याहून वेळ लागतो.

साताऱ्यात लष्करात असलेले तरुण पुष्कळ, आणि त्यांचे केस मागून अगदी बारीक कापलेले असतात. डोक्यामागच्या कातडीची पट्टी काढून केस घेण्याच्या पद्धतीत राहणारा लांब व्रण अशा वेळी उघडा पडतो. एकेक मूळ काढण्याच्या पद्धतीत ठिपके राहतात, मात्र अति काढल्यास मागचा भाग वाळवी लागल्यासारखा दिसतो.

केंद्रचालकाने एका वर्षाची छायाचित्रे दाखवली, तर पाच-सात वर्षांपूर्वीचा एखादा रुग्ण, त्याची तयारी असल्यास, प्रत्यक्ष पाहू द्यावा असे सांगावे आणि त्याचे केस ओले करून उजेडात पाहावेत.