आंब्याखालची सावली जलरंगात कशी उतरवावी

दृश्य असं धरू: कोकणातली वाडी, ऑक्टोबरची सकाळ. डावीकडे आंबा, त्याची सावली लाल मातीच्या वाटेवरून पलीकडच्या चिऱ्याच्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, चढलेली, मागे पिवळं पडू लागलेलं भात. कागद जाड, ३०० जीएसएमचा (ग्रॅम प्रति चौरस मीटर), खरबरीत.

सूर्य तासाला १५ अंश सरकतो. म्हणून सावलीची कड पेन्सिलीने सुरुवातीलाच आखा आणि नंतर ती हलवू नका. मधेच बघून सुधारत गेलात तर एका चित्रात दोन सूर्य येतात. कवडशांच्या जागाही आत्ताच आखा. आभाळ, डोंगर, वाटेचा पहिला हलका वॉश (पाणीदार रंगाचा सलग थर) नेहमीसारखे.

हिरव्यासाठी ट्यूबमधला सॅप ग्रीन सगळीकडे फिरवायचा नाही. भाताला लेमन यलोत प्रुशियन ब्लूचा ठिपका पुरे. प्रुशियन फार जोरकस, त्यामुळे पिवळ्यात निळा घालत जा, उलट केलंत तर पिवळा संपेल पण हवी ती छटा येणार नाही. पिकत आलेल्या पट्ट्यात यलो ऑकर (मातकट पिवळा) मिसळा. आंब्याला गॅम्बोज (पिवळा), अल्ट्रामरीन (निळा) आणि थोडी बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), कारण जून पान मुळातच काळपट असतं. केळ असेल तर नीट निरखा: ऊन पानातून आरपार येतं तिथे ते पिवळट, वरून चकाकतं तिथे आभाळासारखं फिकट निळसर. दोन्हीकडे एकच हिरवा लावला की पान पुठ्ठ्याचं दिसतं.

आता सावली. चित्र बिघडतं ते इथेच.

सावलीला काळा लावा, हा सल्ला मनातून काढून टाका. उन्हाआड गेलेल्या जमिनीवरही आभाळाचा निळा उजेड पडतच असतो आणि खालची माती दिसत असते. काळ्याने दोन्ही मरतात. अल्ट्रामरीन दोन भाग, बर्न्ट सिएना एक भाग, तिसरा रंग मिश्रणात नको. पॅलेटचा एक खळगा भरून कालवा. निम्म्यावर संपलं आणि पुन्हा कालवायला बसलात तर छटा जुळत नाही, तोवर कडही वाळते. वाळल्यावर रंग फिका पडतो, तेव्हा हवा त्याहून एक पायरी गडद ठेवा.

खालचा वॉश पुरता वाळलाय का, ते बोटांच्या पाठीने पाहा. कागद गार लागला तर आत ओल आहे, थांबा. दमट हवेत ही वाट बरीच लांबते.

मग बोर्ड किंचित तिरका करा, १२ नंबरचा गोल ब्रश पूर्ण भरा आणि बुंध्यापासून निघा. गवत, वाट, गडगा असं न थांबता एकाच वॉशमध्ये जा. खालच्या कडेला रंगाचा थेंब कायम तरता राहिला पाहिजे. वाटेवर सावली आडवी पसरते, गडग्यापाशी मोडून उभी होते. हा मोड चुकला तर गडगा जमिनीत सपाट होतो. लाल मातीवरून जाताना ओल्या रंगात ब्रशच्या टोकाने थोडा क्रिमसन (गडद लाल) सोडा, बाकी रंग आपसूक मिसळतो.

कवडसे कागदातच सोडायचे, मागाहून पांढरा लावून ते पेटत नाहीत. आणि ते पानांच्या आकाराचे काढू नका. उंचावरच्या फटीतून आलेला कवडसा हे सूर्याचंच बिंब असतं, वाटेवर ते आडव्या लंबगोलासारखं दिसतं. बुंध्याजवळची कड स्पष्ट ठेवा. शेंड्याकडच्या फांद्यांची सावली पुसट असते, तिथली कड ओलसर, रंग नसलेल्या ब्रशने सैल करा.

एकदा मारलेल्या जागी ब्रश परत नेऊ नका. दुसऱ्या फेरीत खालचा वॉश उचलला जातो आणि चिखल होतो. अर्धवट वाळलेल्या भागात पाण्याचा थेंब पडला तर दातेरी डाग उमटतो. तो ओल्यात पुसू नका, वाळू द्या. सावली फिकी वाटली तरी पूर्ण वाळल्यावर फक्त बुंध्यालगतच्या तिसऱ्या हिश्शावर तोच रंग आणखी एकदा द्या आणि बाहेरची कड पाण्याने विरघळवा. कवडशांना त्या वेळीही हात लावायचा नाही.