बाइट अ‍ॅरेची स्ट्रिंग करताना या चुका टाळा

पुण्यातील ग्राहकांचे पत्ते हाताळणाऱ्या प्रोग्रॅमची चाचणी इंग्रजी पत्त्यांवर उरकली, तर बाइट अ‍ॅरेची, म्हणजे बाइटांच्या रांगेची, स्ट्रिंग (वाचता येणारा मजकूर) करतानाच्या, पुढे सांगितलेल्या बहुतेक चुका नजरेसच पडत नाहीत. इंग्रजी अक्षर यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये (अक्षरे बाइटांत मांडण्याच्या पद्धतीत) १ बाइटचे असते, तर देवनागरीतील प्रत्येक चिन्ह, अगदी काना-मात्रादेखील, ३ बाइट घेते. म्हणून ‘सदाशिव पेठ’ एवढा मजकूर मधल्या रिकाम्या जागेसह २८ बाइटचा होतो.

सर्वांत नेहमीची चूक म्हणजे एन्कोडिंग न सांगता रूपांतर करणे. बाइट अ‍ॅरेला आपण कोणत्या एन्कोडिंगमधले आहोत हे ठाऊक नसते. जावामध्ये १८व्या आवृत्तीपूर्वी अशा वेळी त्या-त्या यंत्राचे डीफॉल्ट एन्कोडिंग वापरले जाई, त्यामुळे एकच कोड लिनक्सच्या सर्व्हरवर नीट आणि विंडोजवर भलताच मजकूर दाखवी. एन्कोडिंग नेहमी स्पष्ट लिहावे.

याहून फसवी चूक तुकड्यांची आहे. फाइल ४०९६ बाइटच्या बफरने (वाचलेले बाइट तात्पुरते ठेवण्याच्या जागेने) वाचून प्रत्येक तुकड्याची लगेच स्ट्रिंग केली जाते. परंतु ४०९६ला ३ने पूर्ण भाग जात नसल्याने, सलग देवनागरी मजकुरात १३६५ चिन्हांनंतर पुढच्या चिन्हाचा एकच बाइट बफरमध्ये येतो, उरलेले दोन पुढच्या तुकड्यात जातात, आणि सांध्याच्या दोन्ही बाजूंना चौकटीतली प्रश्नचिन्हे उमटतात. चूक मजकुराच्या लांबीनुसार जागा बदलते, म्हणून ती शोधणे जिकिरीचे होते. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमध्ये अपुरे बाइट लक्षात ठेवणारा डीकोडर (बाइटांचा मजकूर करणारा घटक) वापरावा, किंवा सरळ स्ट्रीमरीडर या तयार वाचकावर काम सोपवावे. शिवाय, रीड ही वाचणारी मेथड जितके बाइट वाचल्याचे सांगते तितकेच बाइट घ्यावेत; अख्खा बफर रूपांतरित केल्यास आधीच्या वाचनातला गाळ शेपटीला लागतो.

डॉटनेटच्या मेमरीस्ट्रीममध्ये (मेमरीतच बाइट साठवणाऱ्या स्ट्रीममध्ये) लिहून झाल्यावर पोझिशन, म्हणजे वाचन-लेखनाची चालू जागा, शेवटी असते. ती शून्यावर न आणता वाचायला घेतल्यास कोणतीही तक्रार न होता रिकामी स्ट्रिंग मिळते. त्याची गेटबफर ही मेथड न वापरलेली जागाही परत देते, म्हणून नेमका मजकूर हवा असेल तेव्हा टूअ‍ॅरे वापरावे. तयार बाइट अ‍ॅरेवर बांधलेला मेमरीस्ट्रीम वाढत नाही, हेही ध्यानात असावे.

चित्र किंवा पीडीएफचे बाइट यूटीएफ-८ समजून स्ट्रिंगमध्ये भरू नयेत, कारण अवैध बाइट बदलले जातात आणि मूळ फाइल परत मिळत नाही. त्यासाठी बेस६४ ही कोणतेही बाइट साध्या अक्षरांत लिहिण्याची पद्धत आहे. त्यात दर ३ बाइटची ४ अक्षरे होतात, तेवढी वाढ सोसावी.

मजकूर बिघडलेला दिसल्यास कोड बदलण्याआधी बाइट षोडशमान (हेक्स) पद्धतीने छापून पाहावेत. देवनागरी चिन्हांच्या सुरुवातीला येणाऱ्या ई० ए४ किंवा ई० ए५ अशा जोड्या दिसत असतील, तर माहिती शाबूत असून बहुधा वाचन चुकले आहे. मराठी अक्षरांच्या जागी ओळीने ३एफ (प्रश्नचिन्हाचा बाइट) दिसत असेल, तर अक्षरांची प्रश्नचिन्हे आधीच झालेली आहेत, आणि दुरुस्ती वाचणाऱ्या नव्हे, लिहिणाऱ्या प्रोग्रॅममध्ये करावी लागेल.