नॉटिलस जुन्या आवृत्तीवर नेऊन डेस्कटॉपवरची चिन्हे परत मिळवणे

2018 साली लिनक्सवरील ग्नोम या डेस्कटॉप वातावरणाच्या 3.28 आवृत्तीसोबत आलेल्या नॉटिलस या फाइल व्यवस्थापकातून डेस्कटॉपवर फाइली दाखवणारा भाग काढून टाकण्यात आला. उबंटू या लिनक्स वितरणाने 18.04 मध्ये बाकीचे ग्नोम नवे घेतले, पण नॉटिलस 3.26 वरच ठेवले. आर्च लिनक्स या दुसऱ्या वितरणावर असा थांबा नव्हता, त्यामुळे नेहमीचे अपडेट करताच चिन्हे नाहीशी होत. तेथून मागे येण्याची रीत इतर पॅकेजांनाही थोड्याफार फरकाने लागू पडते.

प्रथम पॅकमनची (आर्चच्या पॅकेज व्यवस्थापकाची) लॉग फाइल उघडून कोणते पॅकेज कोणत्या आवृत्तीवरून कोणत्या आवृत्तीवर गेले ते पाहावे, कारण दोष ज्याच्यावर ढकलावा ते पॅकेज पुष्कळदा निर्दोष निघते. पॅकमन उतरवलेली जुनी पॅकेजे आपणहून पुसत नाही, म्हणून कॅशे, म्हणजे उतरवलेल्या पॅकेजांचा साठा, आधीच साफ केलेला नसेल तर 3.26 ची फाइल तेथेच सापडते. नसल्यास ती आर्च लिनक्स अर्काइव्ह या जुन्या पॅकेजांच्या संग्रहातून घ्यावी.

खरी मेख येथे आहे. नॉटिलससोबत त्याची एक्स्टेन्शन लायब्ररी हे वेगळे पॅकेज येते, आणि दोन्हींची आवृत्ती जुळलेली असावी लागते. म्हणून दोन्ही फाइली पॅकमनच्या कॅपिटल यू (-U) या पर्यायाला एकाच आज्ञेत द्याव्यात. आवृत्ती मागे जात असल्याची सूचना दिसेल, ती अपेक्षितच आहे. मात्र अवलंबित्वाची, म्हणजे एका पॅकेजाला दुसऱ्याची ठरावीक आवृत्ती लागत असल्याची, तक्रार आली तर तपासण्या बंद करून जबरदस्तीने पुढे जाऊ नये. त्यानंतर लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करावे, कारण चालू असलेले नॉटिलस आधीचाच, म्हणजे 3.28 चा, कोड वापरत राहते.

पुढच्या अपडेटने हे सारे पुसले जाऊ नये म्हणून पॅकमनच्या कॉन्फिगरेशन फाइलमधील इग्नोअरपीकेजी (IgnorePkg) या ओळीत दोन्ही नावे लिहावीत. डेबियन आणि उबंटूवर एपीटी या तेथील पॅकेज व्यवस्थापकाच्या पॉलिसी आज्ञेने उपलब्ध आवृत्त्या पाहाव्यात, नावापुढे बरोबरचे चिन्ह देऊन हवी ती आवृत्ती बसवावी (नॉटिलसच्या क्रमांकाआधीचा एक आणि अपूर्णविराम गाळू नये) आणि एपीटी-मार्क होल्डने ती रोखून धरावी.

आर्च अर्धवट अपडेटला, म्हणजे काही पॅकेजे जुनी ठेवून बाकीची नवी करण्याला, पाठिंबा देत नाही, आणि खालच्या लायब्ररी पुढे सरकल्या की रोखलेले पॅकेज एखाद्या दिवशी उघडणेच बंद होते. त्यामुळे हा उपाय काही आठवड्यांपुरता धरावा आणि तेवढ्या अवधीत नेमोसारखा, डेस्कटॉप स्वतः सांभाळणारा, फाइल व्यवस्थापक वापरून पाहावा.