९ सप्टेंबरचा दिनविशेष: दोन मिनिटांत, तीन घटनांत कसा बसवायचा

परिपाठात दिनविशेषाला जेमतेम दोन मिनिटं मिळतात. त्यात आदल्या रात्री मोबाइलवर आलेला बारा-पंधरा ओळींचा मेसेज धडाधडा वाचून टाकला, तर पोरांच्या हाती काहीच लागत नाही. तीन घटना पुरतात: एक आपल्या मुलखातली, एक विज्ञानातली, एक कुणा माणसाची. चौथी घेतली की पहिली पुसली जाते. इथे नमुन्याला ९ सप्टेंबर घेतला आहे, कारण खानदेशातल्या शाळेला ही तारीख ओलांडून पुढे जाता येत नाही.

या तारखेला नंदुरबारचा १९४२ चा गोळीबार आहे, १९४७ साली अमेरिकेत संगणकात सापडलेला किडा आहे, कॅप्टन विक्रम बत्रांचा १९७४ चा जन्म आहे आणि चीनचे नेते माओ यांचा १९७६ चा मृत्यूही आहे. माओंना बिनदिक्कत गाळा. ते कोण होते हे चौथीच्या वर्गाला समजावतानाच दोन मिनिटं उडतात.

नंदुरबार आधी आणि सर्वांत जास्त वेळ, म्हणजे निदान एक मिनिट. सांगण्याचा क्रम कारण, घटना, नावं असा ठेवा. बहुतेक फलकांवर नावं आधी येतात आणि कारण येतच नाही, म्हणून पोरं ‘शहीद झाले’ एवढंच पाठ करतात. तिसरी-चौथीसाठी मजकूर साधारण असा:

“१९४२ साली आपल्यावर इंग्रजांचं राज्य होतं. ८ ऑगस्टला मुंबईत ‘चले जाव’चा ठराव झाला. दुसऱ्याच दिवशी पहाटे इंग्रजांनी मोठ्या नेत्यांना पकडलं. मग ठिकठिकाणी लोक स्वतःच रस्त्यावर आले. महिन्याभराने, ९ सप्टेंबरला, नंदुरबारमध्ये मुलांनी तिरंगा घेऊन मिरवणूक काढली. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्याम शहा हे पाच जण गेले.”

जेमतेम साठ शब्द आहेत. चौथीचं मूल मोठ्याने, सावकाश वाचतं तेव्हा एवढ्याला पाऊण मिनिट ते मिनिट लागतं. नावं वाचताना अडखळायला होतं, म्हणून वाचणाऱ्याकडून ती आदल्या दिवशी तीनदा म्हणून घ्या. रक्ताचं, जखमांचं वर्णन नको. पहिली-दुसरीला ‘पोलिसांनी गोळ्या झाडल्या, पाच जण वारले’ इथेच थांबा. पण ‘देवाघरी गेले’ म्हणू नका. का गेले, हा प्रश्न त्याने बुजतो आणि तोच तर विचारायला हवा. कुणी पोर “मंग काय व्हयनं?” असं विचारलंच, तर उत्तर तयार असू द्या: पाच वर्षांनी, १५ ऑगस्ट १९४७ ला, देश स्वतंत्र झाला.

या एका घटनेत दोन चुका हमखास होतात. पहिली वयाची. शिरीषकुमारांचा जन्म २८ डिसेंबर १९२६ चा. १९४२ मधून १९२६ वजा केले की १६ येतात आणि फलकावर ‘वय १६’ लागतं. पण सप्टेंबरात त्यांचा त्या वर्षीचा वाढदिवस यायचा होता, म्हणजे पूर्ण झालेली वर्षं १५. हे गणित पाचवीच्या मुलांकडूनच करून घ्यावं. आपल्यापेक्षा चारच वर्षांनी मोठा, हे त्यांना तिथेच कळतं. दुसरी चूक जिल्ह्याची. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झाला. १९४२ साली हे गाव पश्चिम खानदेशात होतं, तेव्हा ‘नंदुरबार जिल्ह्यात’ लिहू नका, नुसतं ‘नंदुरबारला’ लिहा.

किड्याची गोष्ट अर्ध्या मिनिटाची. हार्वर्डच्या मार्क टू या खोलीभर यंत्रात एका रिलेमध्ये पतंग अडकला. रिले म्हणजे विजेने उघडझाप होणारा खटका. किडा मधे आला, खटका नीट मिटेना, यंत्र चुकायला लागलं. तिथल्या लोकांनी तो पतंग काढून नोंदवहीत चिकटपट्टीने डकवला. जुन्या मजकुरात इथे १९४५ साल सापडतं, ते सोडून द्या, १९४७ लिहा. संगणकतज्ज्ञ ग्रेस हॉपर यांनी ही गोष्ट जगभर सांगितली, पण किडा त्यांनी स्वतः शोधला असं लिहू नका. विक्रम बत्रांना दोन वाक्यं बस्स: जन्म पालमपूरचा, ७ जुलै १९९९ ला कारगिलच्या लढाईत वीरमरण, मरणोत्तर परमवीर चक्र.

फलक पुसला की गेला, म्हणून वर्गात काळाची दोरी बांधा, म्हणजे घटनांची कार्डं वर्षांच्या क्रमाने लावलेली सुतळी. पाच मीटर सुतळी, कपड्यांचे चिमटे, कार्डशीट. माप एका वर्षाला २ सेंटिमीटर, डावं टोक म्हणजे १८००. मग १९४२ येतं २८४ सेंटिमीटरवर, १९४७ येतं २९४ वर, १९७४ येतं ३४८ वर आणि २०१६ चा जन्म असलेलं मूल ४३२ वर. कार्ड ८ सेंटिमीटर रुंद, १० उंच ठेवा. ए-फोर कार्डशीटमधून सहा निघतात. १० सेंटिमीटरहून रुंद केलीत तर १९४२ आणि १९४७ एकमेकांवर चढतात. सुतळी आधी ताणून बांधा, मगच खुणा करा, कारण ढिल्या सुतळीवर केलेल्या खुणा ताणल्यावर सरकतात. दर मीटरला एक खिळा हवा, नाहीतर महिनाभरात कार्डांच्या वजनाने मधे झोळ पडतो. प्रत्येक मुलाला स्वतःच्या जन्मवर्षाचं कार्ड लावू द्या. तिथून बोटाने मागे मोजत गेलं की बेचाळीस साल किती लांब आहे ते दिसतं.

आता तारीख तपासणं. दोन मेसेजमध्ये एकच तारीख आहे म्हणजे ती खरी, असं नाही. दोघांनी एकाच तिसऱ्याकडून उतरवलेली असते. विश्वकोश, जिल्ह्याचं गॅझेटियर किंवा चरित्र यांपैकी एकात सापडल्याशिवाय फलकावर चढवू नका. तीन जागी विशेष सांभाळा.

तिथी: बहिणाबाई चौधरींचा जन्म असोद्याला, १८८० साली, नागपंचमीला झाल्याचं सांगतात, आणि बऱ्याच ठिकाणी शेजारीच २४ ऑगस्ट छापलेलं असतं. नागपंचमी शुद्ध पक्षातली, तर त्या वर्षी २४ ऑगस्टला वद्य पक्ष चालू होता. पंचमी ११ ऑगस्टच्या सुमारास येते. यावर तोडगा सोपा: त्यांचा दिनविशेष नागपंचमीलाच घ्या, किंवा पुण्यतिथी घ्या, ३ डिसेंबर १९५१.

घड्याळ: चंद्रावर यान उतरलं २० जुलै १९६९ ला, पण आपल्याकडे तेव्हा २१ तारखेची पहाट, पावणेदोन वाजून गेले होते. कोणती तारीख धरली ते फलकावर लिहा.

जुनं कॅलेंडर: रशियन लेखक टॉलस्टॉय यांचा जन्म ९ सप्टेंबर १८२८ चा, पण रशियात तेव्हा २८ ऑगस्ट चालू होती. हे सातवी-आठवीला सांगा, खाली नको.

याच पद्धतीने खानदेशाला जोडून चांगले जमणारे आणखी काही दिवस आहेत. २५ जुलै: १९८४ ला स्वेतलाना साविट्स्काया यानाबाहेर अंतराळात काम करणारी पहिली महिला ठरली, तर २००७ ला जळगावच्या प्रतिभाताई पाटील यांनी पहिल्या महिला राष्ट्रपती म्हणून शपथ घेतली, या दोनच घटनांवर भागतं, तिसरी शोधू नका. २४ डिसेंबर: साने गुरुजींचा १८९९ चा जन्म. जन्म कोकणात पालगडला, शिक्षकी अमळनेरला, ही गल्लत टाळा. जोडीला १९६८ साली अपोलो ८ या अंतराळयानातून टिपलेला चंद्रावरून उगवणाऱ्या पृथ्वीचा फोटो. तो मोठ्या आकारात छापून आणला तर बोलावं लागतच नाही. आणि २८ डिसेंबर: १८८५ ला मुंबईत काँग्रेसची स्थापना, १८९५ ला पॅरिसमध्ये ल्युमिए बंधूंचा तिकीट लावून चित्रपटाचा खेळ, १९२६ ला शिरीषकुमारांचा जन्म. १९३६ च्या डिसेंबरअखेर फैजपूरला खेड्यातलं पहिलं काँग्रेस अधिवेशन भरलं, ते यावल-रावेरकडच्या शाळांनी याच दिवशी घ्यावं. फक्त फलकावर ‘याच आठवड्यात’ लिहावं, ‘याच दिवशी’ नाही.